न्यूरोक्रिटिकल केअर आणि मेडिकल शिक्षणातलं संशोधन, दोन्ही धरून करिअर होतं का?

होतं. न्यूरोक्रिटिकल केअर म्हणजे मेंदू आणि नसांच्या गंभीर पेशंटची आयसीयूतली देखभाल; मी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात ती आणि शिक्षणातलं संशोधन, दोन्ही करतेय. "शिकवण्याकडे वळलं की क्लिनिकल हात जातो का?" असं तुम्ही विचारलंय, म्हणून लिहायला बसले. मला एका वरिष्ठ सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "ज्याला आयसीयू झेपत नाही, तो एज्युकेशनवर पेपर लिहितो."

पावसाळ्याचे दिवस होते. जमिनीवर झोपलेला सतरा वर्षांचा पोरगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. मग पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. अंगावर दंशाची खूण नाही. आमच्याकडे आला तेव्हा ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे याचा आकडा) ३, म्हणजे सगळ्यात कमी, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला ढिम्म. सरांनी टॉर्च मारला आणि कॉटजवळच म्हणाले, "ब्रेन गेलाय, नातेवाइकांना सांगा." दारात आई विचारत होती, "मॅडम, पोट्टं गेलं का वो माह्यं?"

पण तालुक्याहून सोबत आलेला इंटर्न अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) सोडेना. साठ किलोमीटर दाबत आला होता, हात थरथरत होते. म्हणाला, "मॅडम, मण्यार असेल. तुम्हीच दाखवलं होतं, बाहुल्याही लुळ्या पडतात, पण मेंदू जागा असतो."

मण्यारीचं विष नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे नसेचं टोक निकामी करतं. एकदा लकवा बसला की अँटिव्हेनमने तो लगेच उतरत नाही. श्वास आपण द्यायचा आणि वाट पाहायची. असं विष नाही याची खात्री होईपर्यंत ब्रेन डेथची तपासणी करायचीच नसते. चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. नळी निघाल्यावर पोराने कॉटजवळचं बोलणं सांगितलं, सरांचं वाक्यसुद्धा. त्याला सगळं ऐकू येत होतं.

इंटर्नला हे दाखवलं, तो वर्ग मी फळ्यावर घेतला नव्हता. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, इंटर्नना रात्रपाळीसारखं एकटं उभं करून घेतला होता. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ मिलरने १९९० साली मांडलेल्या, कौशल्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये 'माहीत आहे'च्या वर 'करून दाखवतो' आणि त्याच्याही वर 'प्रत्यक्षात करतो' आहे. पोरं कशाने वरच्या पायरीवर जातात, हे मोजणं म्हणजे एज्युकेशन रिसर्च. ते संशोधन नाही म्हणणाऱ्यांनी त्या आईसमोर येऊन म्हणावं.

वाट अशी: मेडिसिन किंवा भूलशास्त्रात एमडी, मग न्यूरोक्रिटिकलची फेलोशिप; भूलशास्त्रवाल्यांना न्यूरोअ‍ॅनेस्थेशियासोबतचं (मेंदूच्या ऑपरेशनची भूल) डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवीही. शिक्षक झाल्यावर वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड. त्यातला प्रोजेक्ट फाइलपुरता करू नका, आपल्याच वॉर्डातला प्रश्न घ्या. आणि आयसीयूच्या रात्री सोडू नका, हात त्यानेच राहतो.

एक राहिलं. पैसा खाजगी प्रॅक्टिसपेक्षा कमी मिळतो आणि छोट्या कॉलेजात न्यूरोचे वेगळे बेड नसतात, सगळे पेशंट एकाच आयसीयूत. घरी हे आधीच बोलून घ्या.

तो इंटर्न आता भूलतज्ज्ञ आहे. जूनमध्ये मण्यारीचा वर्ग आम्ही दोघं मिळून घेतो.