मस्टँगच्या ५.० इंजिनाचा मूळ ब्लॉक सुपरचार्जरसह किती हॉर्सपॉवर सोसतो?

१९८०-९० च्या दशकातल्या मस्टँगमधल्या फोर्ड ३०२ (३०२ घन इंच, म्हणजे सुमारे ५.० लिटर) इंजिनाबद्दल विचारताय असं धरतो. ढोबळ मर्यादा ५०० हॉर्सपॉवर. काही ब्लॉक त्यापुढेही टिकतात, पण त्या भरवशावर ड्रॅग स्ट्रिपवर उतरू नका.

या ब्लॉकचं ओतकाम पातळ आहे. जोर वाढला की क्रँकशाफ्ट वाकू पाहतो आणि त्याला खालून धरून ठेवणाऱ्या मेन कॅप हलू लागतात. मग मेन बेअरिंगच्या भिंतींना तडा जातो, तो वर लिफ्टर व्हॅलीत (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट भागात) चढतो आणि ब्लॉक लांबीच्या दिशेने मधोमध दुभंगतो. बरेच जण मेन गर्डल (सगळ्या मेन कॅप एकत्र बांधणारी चौकट) लावून निर्धास्त होतात. मला तो खर्च वाया वाटतो, कारण गर्डल खालच्या कॅप बांधतो आणि तडा जातो कॅपच्या वरच्या लोखंडात.

अजून एक, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) क्रँकवरूनच फिरतो. चाकांवर ४५० दिसत असतील तर गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधली घट धरून क्रँकवर ५०० च्या वर गेलेलेच असतात. शिवाय सुपरचार्जरला लागणारी ताकद डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दिसत नाही, पण तीही सिलिंडरमधल्या स्फोटातूनच येते आणि ब्लॉकला सोसावी लागते.

सर्वांत घातक म्हणजे डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन आपोआप, बेताल पेटणं. ४०० वरही ते ब्लॉक फोडू शकतं. म्हणून बूस्टमध्ये (सुपरचार्जरचा दाब चढलेला असताना) स्पार्कचं टायमिंग मागे घ्या, चांगलं रेसिंग पेट्रोल वापरा, आरपीएम आवरा. ५०० च्या पुढे जायचंच असेल तर सरळ डार्ट कंपनीचा किंवा फोर्डचाच बॉस ३०२ ब्लॉक घ्या.