जुन्या गाड्यांची हिवाळी सहल: चोर्ला सोडा, दिवाडीची फेरीबोट धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ जुन्या गाड्या, जानेवारीतला एक रविवार, पणजीहून सकाळी निघायचं, बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढून वर जेवायचं आणि रात्री घरी. तयारी काय करावी? तयारीचं सांगतोच, पण आधी तो घाट काढून टाका.

माझ्याकडे 1968 ची फियाट 1100 डिलाइट आहे. 1089 सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिल्या वर्षी आम्हीही हौसेने चोर्ल्यालाच गेलो होतो. चढताना पाणी उकळलं, ते अपेक्षितच होतं; थांबलो, गार होऊ दिलं, पुढे गेलो. खरी फजिती उतरताना झाली. पुढे ट्रक, मागे बस, पाय सारखा ब्रेकवर. घाटाच्या पायथ्याचं केरी गाव दिसायला लागलं आणि पेडल लोण्यासारखं खाली गेलं. ब्रेक ऑइल दोन पावसाळे जुनं होतं, त्यात ओल धरलेली. ड्रम तापले की असं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी थांबत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी कडेला लावली. शेजारी बसलेली बायको पुढचा अर्धा तास एक शब्द बोलली नाही. तो अर्धा तास घाटापेक्षा जड गेला.

तेव्हा पावसाळा संपला की ब्रेक ऑइल बदलायचं, दरवर्षी. आपल्या दमट हवेत यात काटकसर नको.

आता घाटाऐवजी काय? जुन्या गोव्याहून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा, फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. तिथे सप्तकोटेश्वर, मग मयेचं तळं, डिचोलीजवळ जेवण, दुपारनंतर हरवळ्याचा धबधबा, आणि परतताना आमोणा, खांडोळा, माशेल, बाणस्तारी करत परत जुनं गोवे. सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर. दिवसाला एवढं अंतर कमी वाटेल. नऊ जुन्या गाड्यांना ते पुरेपूर आहे, कारण निम्मा वेळ बॉनेट उघडं ठेवून गप्पा मारण्यात जातो, आणि लोक त्यासाठीच येतात.

सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचाच, गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ उभारून दिलं. म्हणजे देव ज्या दिशेने नदी ओलांडून गेला, त्याच दिशेने आपण डिलाइट आणि हेराल्डसारख्या जुन्या गाड्या बोटीवर चढवून जातो. दिवाडीच्या शेतांतून नार्व्याच्या धक्क्याकडे जाताना मला दरवेळी हे आठवतं.

फेरीबोटीबद्दल मात्र नीट ऐका. भरतीची वेळ बघून तारीख ठरवा. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार वाढतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. आमच्यातल्या एकाच्या डुक्कर फियाटचा (जुन्या गोलसर फियाटचं हे लाडकं नाव) सायलेन्सर असाच रॅम्पच्या कडेला घासला आणि उरलेला दिवस ती गाडी ट्रॅक्टरसारखी वाजत फिरली. पुढची चाकं रॅम्पवर गेली की क्लच अर्धा दाबून रेंगाळू नका, एका दमात चढा. बोटीवर हँडब्रेक ओढा, शिवाय चाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या हँडब्रेकवर भरवसा टाकू नये. आणि सगळ्या गाड्या एकाच खेपेत घुसवण्याचा हट्ट धरू नका. दूधवाला, स्कूटरवाली, मासे घेऊन निघालेली बाई यांना आधी जाऊ द्या. आपण मजेला आलोय, त्यांना कामाला जायचंय.

वेळ सांगतो. सकाळी 7 ला जुन्या गोव्यात जमायचं. आपल्या थंडीत पहाटे विशीच्या आसपास तापमान असतं, चोक जेमतेम लागतो. त्रास होतो तो दवाचा. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या झाकणात) ओल बसते आणि स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी उतरते. कॅप काढा, सुती फडक्याने आतून पुसा, परत लावा. दोन मिनिटांचं काम. दुपारी हाच पारा बत्तीसच्या वर जातो, म्हणून 12 च्या आत गाड्या सावलीत उभ्या करायच्या आणि 3.30 शिवाय हलवायच्या नाहीत. संध्याकाळी 6.30 नंतर लगेच अंधारतं. डायनामोवर चालणारे हेडलाइट समोरच्याला दिसतात, आपल्याला काही दाखवत नाहीत. तुमचं "रात्री घरी" यामुळेही बाद.

दुपारच्या उन्हाची आणखी एक गंमत. दोन वर्षांपूर्वी मयेच्या अलीकडे माझी गाडी फडफडली आणि बंद पडली. टाकीत पेट्रोल, प्लगला स्पार्क, पण कार्ब्युरेटर कोरडा. फ्युएल पंप इंजिनलाच चिकटलेला, तापून आतल्या पेट्रोलची वाफ झालेली. उपाय एकच: ओला रुमाल पंपावर गुंडाळायचा आणि गप्प बसायचं. समोरच्या घरातल्या आजी तांब्याभर पाणी घेऊन आल्या, रुमालावर स्वतःच्या हाताने ओतलं आणि म्हणाल्या, "तुज्या गाडयेक तान लागल्या मरे!" दहा मिनिटांनी पहिल्याच झटक्यात चालू. तेव्हापासून डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि जुनं धोतर असतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, हेही लक्षात घ्या. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात. निघण्याआधी सगळ्या नळ्या नव्या टाका, पंपाचा एक जादा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, बरोबर ठेवा. फॅन बेल्ट, आणि स्पार्क पाडणारे कंडेन्सर आणि पॉइंट सेटही. बाकी हत्यारं कोणाकडे तरी असतातच.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी "व्हीए" मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. पण मग ती रोज बाजाराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मी माझी साध्या नोंदणीवरच ठेवलीय, दर पाच वर्षांनी फिटनेसची खटपट करतो. भाजी आणायला न्यायची नसेल तर गाडी कशाला ठेवायची, असं माझं मत. क्लबात यावर दरवर्षी भांडण होतं.

जेवण आधी सांगून ठेवा. पंचवीस माणसं अचानक दारात आली तर कुठलीही खानावळ हुमण आणि शीत (माशांची आमटी-भात) पुरवू शकत नाही, आणि शाकाहारींना खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी, हवं असेल तर आदल्या दिवशीच सांगायला हवं. नाश्ता मात्र ठरवू नका, वाटेत जिथे भाजी-पाव मिळेल तिथे थांबा. नार्व्याला देवळापासून लांब, झाडाखाली गाड्या लावा. मुलं गोळा होतातच. कोणाकडे हेराल्ड असेल तर तिचं आख्खं तोंड पुढे उलटतं ते दाखवा. महागड्या गाडीपेक्षा तिच्याभोवतीच जास्त गर्दी होते, पैज लावतो.

शेवटचं म्हणजे गाड्यांचा क्रम. बहुतेक क्लबांत दणकट गाडी पुढे असते, मग ती सुटते, मागचे धापा टाकतात आणि फाट्यावर कोणीतरी चुकतं. आमच्याकडे सगळ्यात हळू गाडी पुढे, सगळ्यात भरवशाची गाडी आणि मेकॅनिक सगळ्यात मागे. कोणी ओव्हरटेक करायचं नाही. पहिल्या तासाला तरुण मंडळी कुरकुरतात, माशेलला पोचेपर्यंत गप्प होतात.

भरतीची वेळ बघून दोन-तीन रविवार कळवा. जागा असेल तर डिलाइट घेऊन मीही येतो, पण मग पुढे तीच राहील.