वाचकांचे प्रश्न: चर्चचा उद्देश, व्हिजन आणि विश्वास

प्रश्न: आमच्या मंडळीचा उद्देश, व्हिजन आणि मुख्य विश्वास एका पानावर लिहायचं कमिटीने ठरवलंय, नवीन येणाऱ्यांना द्यायला. मीटिंगवर मीटिंगा चालल्यात पण तिन्ही ठिकाणी तीच वाक्यं येतायत, देवाचं गौरव करणं, प्रेमाने सेवा करणं वगैरे. हे तीन खरंच वेगळे असतात का?
– कमिटीतली एक सदस्या

उत्तर: ताई, वेगळे असतात, आणि वेगळे ठेवले नाहीत तर पुढे मंडळीत दुखावलेली माणसं तयार होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी विश्वास. तो तुमच्या कमिटीने तयार करायचाच नाहीये, तो तुमच्यापर्यंत चालत आलेला आहे. प्रेषित पौल, म्हणजे सुरुवातीच्या चर्चचा एक मोठा शिक्षक, बायबलमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवून दिलं, आणि मग सांगतो काय ते: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. म्हणजे पौलासारखा माणूससुद्धा म्हणत नाही की हे मी सुचवलं. त्यामुळे या भागात नवीन काही सुचायची वाट बघू नका. प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत मोठ्याने म्हटली जाणारी विश्वासाची जुनी विधानं, समोर ठेवा, तुमच्या पंथाचं स्वतःचं विधान असेल तर ते घ्या, आणि साध्या भाषेत उतरवा. एकच देव, पिता पुत्र आणि पवित्र आत्मा, येशू खरा देव आणि खरा मनुष्य, वधस्तंभ, पुनरुत्थान, कृपेने मिळणारं तारण, त्याचं पुन्हा येणं, बायबलचा अधिकार. हे आलं की पाया आला.

उद्देश पण तसाच दिलेला आहे. मत्तयच्या 28व्या अध्यायात शेवटी येशू सांगतो की जाऊन सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, मी जे सांगितलं ते पाळायला शिकवा. आणि 22व्या अध्यायात देवावर पूर्ण मनाने प्रेम कर, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. उपासना, शिष्य घडवणं, एकमेकांना सांभाळणं, बाहेरच्यांची सेवा, साक्ष, हे कुठल्याही चर्चने लिहिलं तरी थोड्याफार फरकाने असंच येणार आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही, तुमचा उद्देश शेजारच्या चर्चसारखा असणं हे चांगलंच लक्षण आहे.

राहिली व्हिजन, तेवढी फक्त तुमची. हाच उद्देश या ठिकाणी, या माणसांबरोबर, पुढच्या काही वर्षांत कसा दिसावा असं प्रार्थनेत तुम्हाला वाटतं, ते इथे लिहायचं. तुमच्याकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या जास्त असेल तर व्हिजनमध्ये ती माणसं दिसायला हवीत, तरुण मुलं बारावीनंतर यायची बंद होत असतील तर ते दिसायला हवं. व्हिजन चुकू शकते, अर्धवट राहू शकते, बदलू पण शकते आणि त्याने कोणाच्या तारणाला धक्का लागत नाही.

गडबड होते ती इथेच. नेतृत्वाला एखादी योजना मनापासून आवडते, समजा नवीन इमारत, आणि हळूहळू ती विश्वासाच्या भाषेत बोलली जायला लागते, मग एखादा दादा उभा राहून म्हणाला की यावर्षी नको, आपल्याला झेपणार नाही, तर त्याचा विश्वास कमी आहे असं म्हणतात, आणि तो बिचारा पुनरुत्थानावर तेवढाच ठाम असतो जेवढे बाकीचे, त्याचं म्हणणं फक्त खर्चाबद्दल असतं. हे फार वाईट आहे. ज्या गोष्टीवर मतभेद चालतात आणि ज्यावर चालत नाहीत त्यांच्यात रेघ दिसली पाहिजे, म्हणून कागदावर तीन भाग वेगळे लिहा आणि व्हिजनच्या वर तारीख टाका. विश्वासावर कमिटीची तारीख नको.

अजून एक. पान तयार झालं की शेजारी मंडळीचं महिन्याचं वेळापत्रक आणि जमाखर्च ठेवून बघा. प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिली मंडळी कशात सतत तत्पर होती ते लिहिलंय: प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. तुम्ही उद्देशात प्रार्थना पहिली लिहिली आणि अख्ख्या महिन्यात प्रार्थनेसाठी एकही संध्याकाळ नसेल तर कागद बदलू नका, वेळापत्रक बदला.

प्रश्न: येशूवर प्रेम आहे एवढं पुरेसं नाही का? विश्वासाची विधानं लिहिली की लोक वेगळे होतात, जोडले जात नाहीत.
– एक तरुण वाचक

उत्तर: तुझी तळमळ कळते, कारण विधानं डोक्यात मारायला वापरलेली मी पण बघितली आहेत. पण कोणत्या येशूवर प्रेम, हा प्रश्न चर्चला फार लवकर पडला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस शिकवत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, सगळ्यात श्रेष्ठ पण निर्माण केलेलाच. 325 साली निकेयाला बिशप जमले आणि त्यांनी म्हटलं की नाही, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे पिता जसा देव तसाच पुत्रही देव. 381 साली कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याबद्दलचा भाग वाढवला गेला, आणि आज उपासनेत म्हणतात तो निकेयाचा विश्वासांगीकार साधारण त्या रूपातला आहे. हा नुसता पंडितांचा वाद नव्हता रे, येशू देव नसेल तर वधस्तंभावर देव स्वतः आपल्यासाठी आलाच नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवून तो लांब राहिला, आणि मग ज्याच्यावर तुझं प्रेम आहे ते चित्रच बदलतं.

आणि फक्त जुन्या काळात नाही. 1934 साली जर्मनीत नाझी सत्ता चर्चला आपल्या विचारांत ओढत होती, आणि चर्चमधलेच बरेच लोक आनंदाने त्यात गेले होते. तेव्हा बार्मेन या गावी काही मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि सहा कलमांचं एक घोषणापत्र काढलं, ज्यात कार्ल बार्थ या धर्मशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. पहिल्याच कलमात म्हटलं की जगण्यात आणि मरणात ज्याचं ऐकायचं आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा ते देवाचं एकच वचन म्हणजे येशू ख्रिस्त. येशूवर प्रेम आहे असं दोन्ही बाजूचे म्हणत होते! वाक्य लिहून काढलं म्हणून कळलं कोण कुठे उभं आहे.

प्रश्न: सगळ्या चर्चचा मूळ विश्वास एक असेल तर एवढे पंथ कशासाठी?

उत्तर: मूळ एक आहे हे खरंच आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बहुतेक प्रोटेस्टंट, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताबद्दल निकेयाच्या मागेच उभे आहेत. फरक त्याच्या पुढचे. 1054 साली पूर्व आणि पश्चिम चर्च दुरावले, त्यात पोपचा अधिकार आणि पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र दोघांपासून, हे मोठे मुद्दे होते. 1517 नंतर धर्मसुधारणेत, म्हणजे ज्यातून प्रोटेस्टंट चर्च वेगळे झाले त्या चळवळीत, प्रश्न आला की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने आणि शेवटचा शब्द कोणाचा. त्यातून बाकीचे फरक येतात, कॅथलिकांचे सात संस्कार, बहुतेक प्रोटेस्टंटांचे दोन, बायबलची पुस्तकं 73 की 66. बाप्तिस्मा बाळांना द्यायचा की स्वतः कबुली देणाऱ्यालाच, यावर प्रोटेस्टंटांमध्येच एकमत नाही, लुथरन आणि अँग्लिकन बाळांना देतात, बॅप्टिस्ट देत नाहीत. माझं मत विचाराल तर चर्चने आपल्या पानावर हे फरक लपवू नयेत, फक्त त्रैक्याच्या आणि पुनरुत्थानाच्या रांगेत बसवू नयेत. आम्ही असं करतो, इतर विश्वासणारे वेगळं करतात, असं सरळ लिहावं.

प्रश्न: मला चर्चमध्ये यायला आवडतं, गाणी, प्रवचन, माणसं सगळं. पण विश्वासांगीकार म्हणताना काही वाक्यांना मी गप्प बसते, कारण मला अजून ते पटलेलं नाही. मी येणं ढोंगीपणा आहे का?
– नाव नको

उत्तर: अजिबात नाही, गप्प बसणं हा तर प्रामाणिकपणा झाला. योहानाच्या 20व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा, येशू उठलाय हे बाकीच्यांकडून ऐकून, म्हणतो की मी त्याच्या जखमांच्या खुणा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही, आणि आठ दिवसांनी तो कुठे असतो तर बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात, कोणी त्याला बाहेर काढलं नव्हतं, आणि येशू आला तो त्याच्यासाठी परत आला. तू येत राहा. पाळकांना एकदा भेटून कुठलं वाक्य अडतंय ते नेमकं सांग, कदाचित ते वाक्य तुला वाटतंय ते म्हणतच नसेल, आणि म्हणत असेल तर निदान खऱ्या गोष्टीशी तुझी झुंज होईल. उपासनेला येण्यासाठी सगळं पटलेलं असायची अट नसते. प्रौढ वयात बाप्तिस्मा घेताना किंवा सदस्य होताना मात्र कबुली विचारतात, आणि शिकवणाऱ्या, नेतृत्व करणाऱ्या माणसांकडून ती जास्त ठामपणे अपेक्षित असते, ते बरोबरच आहे. प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) कोणी घ्यावं याचे नियम प्रत्येक चर्चचे वेगळे, ते आधी विचारून घे.

प्रश्न: पाळक बदलले की व्हिजन आणि विश्वासाचं पान पण बदलतं का?

उत्तर: व्हिजनवर नवीन पाळकांनी मंडळीबरोबर बसून पुन्हा विचार करावा, पण लगेच नको, आधी माणसं ओळखू द्या. विश्वासाचं पान एकट्या पाळकांना बदलता येत नाही. बिशप असलेल्या पंथांत आणि प्रेस्बिटेरियन (वडीलजनांच्या सभांनी कारभार चालणाऱ्या) पद्धतीत ते वरच्या सभांच्या हातात असतं, आणि स्वतंत्र मंडळ्यांमध्ये घटनेत लिहिलेल्या पद्धतीने सदस्यांच्या सभेत. तुमच्या मंडळीची घटना मागून वाचा, सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे.