तळपायाचा दाब, तळहाताची ऊब : रिफ्लेक्सॉलॉजी आणि रेकीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, तळपायांना मुंग्या येतात. एका शिबिरात लाकडी काडीने बिंदू दाबायला आणि रोज काटेरी अ‍ॅक्युप्रेशर चपला घालायला सांगितलं. साखर उतरते म्हणे. करावं का?

उत्तर : काडी आणि चपला, दोन्ही आजच बाजूला ठेवा. मुंग्या येणं हे मधुमेहाने पायांच्या नसांना इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. अशा पायाला दुखणं उशिरा कळतं, कधी कळतच नाही. त्यामुळे ‘दुखेपर्यंत दाबा’ ही सूचना इथे घातक ठरते. त्वचेखाली रक्त साकळतं, फोड येतो, तो चिघळतो आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. बोट किंवा पाय गमावण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच क्षुल्लक जखमेतून होते.

डॉक्टरांकडून तळपायाची संवेदना तपासून घ्या. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून ती पाहतात, काही मिनिटांत होते. स्पर्श नीट कळत असेल, जखम किंवा भेग नसेल, तर नुसत्या हाताने हलकं चोळायला हरकत नाही. गरम पाण्यात पाय बुडवणं टाळा. पाय धुण्याचं कोमट पाणीही आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपराने पाहावं. तेल बोटांच्या बेचक्यात राहू देऊ नका, ओल धरून बुरशी होते. रिफ्लेक्सॉलॉजीने, म्हणजे तळपायाचे बिंदू दाबण्याच्या या पद्धतीने, साखर आटोक्यात येते याला भरवशाचा पुरावा नाही, तेव्हा गोळ्या-इन्सुलिनमध्ये काहीही बदल नको. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला तर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : पाय दाबून ‘तुमची किडनी कमजोर आहे’ असं सांगितलं. तपासण्या कराव्यात का?

उत्तर : केवळ या सांगण्यावरून नको. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढे तिथल्याच युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात तळपायावर अवयवांचा नकाशा बसवला. पायातला बिंदू आणि मूत्रपिंड यांना जोडणारी अशी कोणतीही रचना शरीरशास्त्राला सापडलेली नाही. दाबताना ‘कुरकुर’ लागते ती यूरिक अ‍ॅसिडच्या खड्यांची, असंही सांगतात. खरं तर ती स्नायुबंधांची, जाड झालेल्या कातडीची किंवा कुरूपाची असते. मूत्रपिंडाची शंका असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासा.

प्रश्न : आई दिवसभर ओट्याशी उभी असते, रात्री झोप लागत नाही. घरी पाय कसे दाबू?

उत्तर : इथे ही पद्धत खरोखर उपयोगी पडते, कारण हवी आहे ती विश्रांती. जेवणानंतर तासभर थांबा. आईला टेकून बसवा, गुडघ्यांखाली उशी द्या. तुमची नखं कापलेली असू द्यात. सुरुवातीला तेल लावू नका, अंगठा घसरतो आणि दाब एकसारखा राहत नाही. चिमूटभर टाल्कम पावडर पुरते.

आधी घोटा दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा सावकाश फिरवा. मग अंगठ्याचं पहिलं पेर वाकवत-सरळ करत टाचेपासून बोटांकडे तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरका, नखाने नव्हे तर पेराच्या गादीने. दुसऱ्या हाताने पाय धरून ठेवा, नाहीतर दाब देताना तो मागे सरकतो. चवड्याच्या खाली मध्यभागी खोलगट जागा असते, तिथे श्वास सोडताना पाच-सहा सेकंद स्थिर दाब द्या. ‘बरं वाटतंय’ इतकाच दाब, आईने पाय ओढून घेतला की तो जास्त झाला. प्रत्येक पायाला १०-१५ मिनिटं पुरे. शेवटी अर्धा चमचा खोबरेल तेल चोळून पुसून टाका. तुमचा अंगठा दुखायला लागला तर तुम्ही हाताच्या बळावर दाबताय, शरीराचा थोडा भार पुढे झुकवा.

प्रश्न : बहिणीची केमोथेरपी चालू आहे. रेकी घेतली तर चालेल का?

उत्तर : उपचार एक दिवसही न थांबवता, चालेल. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत अंगावर कपडे ठेवूनच, हात हलके टेकवून किंवा थोडे वर धरून, एकेका जागी साधारण ३ ते ५ मिनिटं थांबतात. चोळणं, दाबणं काही नाही, म्हणून प्लेटलेट्स कमी असतानाही ती जवळपास निर्धोक आहे. पोर्ट (केमोचं औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असलेली जागा, शस्त्रक्रियेचे टाके आणि किरणोत्सर्गाने होरपळलेली कातडी यांना मात्र हात लावू देऊ नका. पांढऱ्या पेशी खाली असतील तर सर्दी-खोकला असलेल्या माणसाला खोलीत घेऊ नये.

रेकी देणाऱ्याच्या तळहातांतून ऊर्जा वाहते असं मानतात, ती मात्र मोजून दाखवता आलेली नाही. शांत पडून राहणं आणि आपुलकीचा स्पर्श यांनी भीती आणि ताण हलका होतो, आणि केमोच्या दिवसांत तेही मोलाचं असतं. ‘रेकीने गाठ विरघळेल, केमो थांबवा’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी दारातून परत पाठवा.

प्रश्न : लांबच्या प्रवासानंतर डाव्या पोटरीला सूज आहे, कळ येते. पाय चोळून घेऊ?

उत्तर : अजिबात नको. एकाच पायाची सूज, गरमपणा, लाली आणि दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. आजच डॉक्टरांकडे जाऊन पायाची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.