पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जाणार, मग ऑटोमोबाइलला जाऊ का?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. बाबांचं कार दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि पेट्रोल-डिझेल इंजिनच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मी लहानपणापासून तिथे रमले. आधी नुसते पाने हातात द्यायचे, आता टॅपेट सेट करते, क्लच प्लेट बदलते. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकललाच जायचं असं ठरलं होतं. पण २०३५ नंतर पेट्रोलच्या गाड्याच बनणार नाहीत, असं जो तो सांगतो. काका म्हणतात, कॉम्प्युटरला जा. बाबा काहीच बोलत नाहीत, पण त्यांच्या मनाला लागलंय हे दिसतं. एका संस्थेचा इलेक्ट्रिक गाड्यांवरचा तीन महिन्यांचा ‘ईव्ही एक्स्पर्ट’ कोर्स आहे. तो केला तर चालेल का? मी काय करू?

उत्तर : आधी थेट उत्तर देते, कारणं मागाहून. डिग्रीला इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घे. सुट्टीत बाबांच्या गॅरेजमध्ये जाणं सोडू नकोस. आणि त्या तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे एवढ्यात भरू नकोस.

आता ते २०३५. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केला की २०३५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडता कामा नये. हा नियम नव्या गाडीच्या विक्रीपुरता आहे, रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्या त्यामुळे भंगारात जात नाहीत. शिवाय २०२५ च्या अखेरीस युरोपीय आयोगानेच ही १०० टक्के कपातीची अट ९० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. ब्रिटनने २०२० मध्ये २०३० ची मुदत जाहीर केली, २०२३ मध्ये ती २०३५ वर ढकलली आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २०३० वर आणली, इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिडना मात्र २०३५ पर्यंत मुभा ठेवली. तेव्हा एखाद्या सालावर आयुष्याचा निर्णय टांगू नकोस. विक्री कुठे चालली आहे ते बघ. नॉर्वेने बंदी न घालता, मुख्यतः करांची रचना इलेक्ट्रिक गाड्यांना सोयीची ठेवून २०२४ मध्ये अशी वेळ आणली की दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या. त्याच वर्षी जगभरात, बाहेरून चार्ज करता येणारे प्लग-इन हायब्रिड धरून, १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या, म्हणजे साधारण पाचातली एक. इथिओपियाने तर २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयातच थांबवली. धूर कमी व्हायला हवा, मुलांच्या फुप्फुसांत तो जाता कामा नये, आणि त्यासाठी हे बदल व्हायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. पण त्याची किंमत तुझ्या बाबांसारख्या कसबी माणसाने एकट्याने मोजावी, हे मला पटत नाही. म्हणून त्यांच्याबद्दलही लिहिते.

कार १५-२० वर्षं सहज चालते. आज शोरूममधून बाहेर पडणारी पेट्रोलची गाडी २०४० नंतरही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये येणार आहे, त्यामुळे बाबांचं काम उद्या बंद पडत नाही. मात्र गॅरेज ज्या नेहमीच्या कामांवर चालतं, म्हणजे इंजिनचं ऑइल आणि फिल्टर बदलणं, प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच, सायलेन्सर, ती कामं पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत नसतातच. हा ओघ हळूहळू आटत जाईल. त्यांच्यापुढे अजून काही वर्षांची कारकीर्द आहे आणि तुझ्यापुढे चाळीस वर्षांची. दोघांना एकच सल्ला लागू पडणार नाही.

तू शिकलेलं वाया गेलं असं मात्र समजू नकोस. सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर, बेअरिंग, ब्रेक हे सगळं इलेक्ट्रिक गाडीतही आहे. बॅटरीमुळे गाडी जड होते, त्यामुळे टायर आणि बुशवर ताण जास्त येतो. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, म्हणून ब्रेक पॅड कमी झिजतात, पण न वापरल्यामुळे डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. शिवाय इंजिनचा आवाज नसल्यामुळे बेअरिंगची बारीकशी घरघरही गिऱ्हाइकाला ऐकू येते आणि ते तक्रार घेऊन येतं. अशा वेळी बाबांचा कान फार मोलाचा ठरेल.

मग इलेक्ट्रिकल कशाला, असं विचारशील. एसीचं उदाहरण घे. पेट्रोलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत त्याच्या पोटातच मोटर असते, ती हाय व्होल्टेजवर चालते आणि गॅसबरोबर फिरणारं तेल तिच्या वाइंडिंगला लागतं. म्हणून तिथे वीज वाहू न देणारं, बहुधा पीओई प्रकारचं तेल लागतं. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक वेळा पीएजी तेल असतं. एखाद्या अनुभवी मेकॅनिकने सवयीने तेच भरलं, किंवा गॅस भरायच्या मशिनच्या नळीत उरलेलं तेल आत गेलं, तर इन्सुलेशन कमजोर होतं. गाडीची यंत्रणा ते सतत तपासत असते. तिला विजेची गळती जाणवली की ती फॉल्ट दाखवते आणि गाडी चालू होण्याचंच नाकारू शकते. काम एसीचं केलं आणि गाडी जागेवर उभी! अशा वेळी पाना उपयोगी पडत नाही. करंट कुठून कुठे चाललाय याची कल्पना लागते, मेगरवरचं, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवरचं, रीडिंग वाचून पुढे काय तपासायचं हे सुचावं लागतं. पान्याचा हात आणि सर्किटची समज एकाच माणसाकडे असणं दुर्मीळ आहे. पहिली गोष्ट तुझ्याकडे आहे, दुसरी कॉलेजात मिळवता येते. उलट क्रमाने हे जमवणं खूप अवघड जातं, असं मी अनेक इंजिनिअर मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

दुसरं कारण याहून पक्कं आहे. उद्या बॅटरीचं रसायन बदलेल, कदाचित काही गाड्या हायड्रोजनवर चालतील. पण हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलची गाडीसुद्धा शेवटी इलेक्ट्रिक मोटरवरच चालते, आणि हायब्रिडमध्येही मोटर आणि बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलणारा इन्व्हर्टर असतोच. शर्यत कुणीही जिंको, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटर कंट्रोल हे विषय लागणारच. तेच ज्ञान चार्जिंग स्टेशनला, रेल्वेला, सौरऊर्जेच्या इन्व्हर्टरला चालतं. गाड्यांच्या धंद्यात मंदी आली तरी तुझा रस्ता अडणार नाही.

काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बॅटरीत किती चार्ज उरला आहे हे सांगणं हेच सॉफ्टवेअरचं मोठं काम आहे, विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत, कारण तिचा व्होल्टेज चार्जच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो. तेव्हा सी प्रोग्रामिंग आणि मायक्रोकंट्रोलर शिक, पण इलेक्ट्रिकलच्या सोबतीने. ज्या मुलीला टॅपेट सेट करताना वेळेचं भान राहत नाही, तिला दिवसभर नुसत्या स्क्रीनसमोर बसवायला माझं मन धजत नाही.

आता तो कोर्स. या गाड्यांत साधारण ४०० व्होल्ट असतात, काहींत ८००. हाय व्होल्टेजच्या केशरी केबलला हात लावण्याआधी जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं, इन्सुलेटेड हातमोजे हवा कोंडून तपासायचे. मीटर आधी चालू असलेल्या सप्लायवर लावून बघायचा, मग गाडीवर, मग पुन्हा त्या सप्लायवर, म्हणजे मधल्या वेळात मीटरच बिघडला नव्हता याची खात्री होते. हे व्हिडिओ बघून येत नाही, आणि चुकीला इथे माफी नसते. संस्थेत जाऊन विचार : तुमच्याकडे खरा हाय व्होल्टेज पॅक आहे का? एका गाडीवर किती मुलं? वीज तोडण्याची ही सगळी क्रिया मी स्वतः करणार की लांबून बघणार? सर्टिफिकेट कोणती कंपनी मान्य करते? उत्तरं गुळमुळीत आली तर उठून ये. डिग्रीच्या शेवटच्या वर्षात गाडी बनवणाऱ्या कंपनीचं असं प्रशिक्षण मिळालं तर जरूर घे. आणि हाय व्होल्टेज सुरक्षिततेचा प्राथमिक वर्ग मिळाला तर बाबांनाही सोबत ने. ते गप्प आहेत ते बहुतेक आपलं आता काही उरलं नाही असं वाटून. त्यांना अशा वर्गाला घेऊन जाणं हे कोणत्याही समजावण्यापेक्षा जास्त कामाला येईल.

तूर्त बारावीच्या फिजिक्समधले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि एसी (प्रत्यावर्ती प्रवाह) सर्किट हे दोन धडे मार्कांपलीकडे जाऊन वाच. आणि परीक्षा झाली की गॅरेजमधला एखादा निकामी अल्टरनेटर मागून घे आणि बाबांबरोबर खोल. आत फिरणारा रोटर दिसेल, भोवती तीन फेजचं वाइंडिंग दिसेल, मागच्या बाजूला एसीचं डीसी करणारे डायोड असतील. इलेक्ट्रिक गाडीचा इन्व्हर्टर हेच काम उलट दिशेने करतो. त्या वाइंडिंगच्या तारा कुठे जोडल्यात हे शोधण्यात तू रमलीस, मीटर लावून एकेक डायोड तपासावासा वाटला, तर इलेक्ट्रिकलचा फॉर्म निःशंक भर. आणि तारा बाजूला सारून तुझा हात पुन्हा पुन्हा बेअरिंग आणि शाफ्टकडेच गेला, तर मेकॅनिकल पहिल्या पसंतीला टाक. बॅटरी थंड ठेवणं, फास्ट चार्जिंगची उष्णता बाहेर काढणं, गाडीचं वजन उतरवणं ही कामं मेकॅनिकलवालेच करतात. तसं झालं तर ऐच्छिक विषयांत मोटर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स देणारं कॉलेज निवड.