मागून आलेल्याला आधी का नेलं?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

प्रश्न : माझी आई (वय ६४) अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि हातावर पडली. मनगट वाकडं दिसत होतं. सरकारी रुग्णालयात नेलं, केस पेपर काढला. एका सिस्टरनी हात पाहिला आणि बाकावर बसायला सांगितलं. आई कळवळत होती. तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला. छातीत जळजळतंय म्हणाला. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरड नाही, तरी दोन मिनिटांत त्याला आत घेतलं. आमचा नंबर दीड तासाने लागला. त्याचा वशिला होता असंच आम्हाला वाटलं. कॅज्युअल्टीत नंबर लावतात तरी कसे? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना तो बाक डोळ्यांसमोर आला. माझी नोकरी एकतीस वर्षांची, त्यातली एकोणीस कॅज्युअल्टीत गेली. त्या बाकावर बसलेल्यांचे चेहरे अजून आठवतात.

आधी त्या माणसाचं सांगते. तो माझ्यासमोर आला असता तर मीही त्यालाच आधी आत घेतलं असतं. पन्नाशीचा माणूस छातीवर हात ठेवून जळजळ म्हणतो, तेव्हा ती ॲसिडिटी आहे की हार्ट अटॅक, हे चेहऱ्यावरून कळत नाही. ईसीजी काढूनच बघावं लागतं, आणि तो दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे. चालत आला म्हणून तो बरा, असं धरता येत नाही. घरी सोडा पिऊन, ओवा चावून, मग रिक्षाने येऊन पायऱ्या चढलेली आणि ईसीजीच्या टेबलावर आडवं केल्याबरोबर नाडी बंद पडलेली माणसं मी पाहिली आहेत. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता घाम, दम, जबड्यात किंवा पाठीत कळ, मळमळ, एवढंच. मनगटाचं हाड दीड तासाने बसवलं तरी बसतं. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला तर त्याचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो.

या निवडीला आम्ही ट्रायएज म्हणतो. शब्द फ्रेंच आहे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरी जखमींना हुद्दा न बघता, जखमेच्या गांभीर्यावरून आधी-नंतर घ्यायचा, तिथून ही पद्धत रुजली. आपल्याकडे कुठे गांभीर्यानुसार लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या असतात, कुठे सगळं सिस्टरच्या डोळ्यांवर चालतं.

मी काय बघायची ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही कळेल. नाव विचारताना उत्तर कसं येतं तिकडे माझं लक्ष असायचं. पूर्ण वाक्य आलं तर घसा मोकळा आहे आणि श्वास पुरतोय. दोन शब्दांनी दम लागला तर आधी ऑक्सिजन, केस पेपर मागून. बोलता बोलता मनगट धरायचं : नाडी किती, आणि हात गार, ओलसर लागतो का. मग भान. शेवटी कपडे बाजूला करून अंग पाहायचं. घसा, श्वास, रक्त, भान, अंग, हा क्रम मोडायचा नाही. मोटारसायकलवरून पडलेल्याचा पाय उलटा फिरलेला असतो आणि सगळे नातेवाईक पायाकडे बोट दाखवतात. पण घशात रक्त गुळगुळत असेल तर पहिला हात तिथेच जातो, पाय थांबतो. बेशुद्ध आला तर बोट टोचून साखर बघायचीच, लोक काहीही सांगोत. ‘पिऊन पडलाय’ म्हणून चौघांनी आणून टाकलेल्या एकाची साखर फारच कमी, ३८ निघाली होती. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर पाच मिनिटांत तो उठून बायकोला हाक मारायला लागला.

आता बाकाबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात मला टोचलं ते तेच आहे.

मी कॅज्युअल्टीत नवी होते. नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला होता, हँडलची मूठ पोटात रुतलेली. डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा लाल वण, बाकी काही नाही. नाडी बरी, बीपी बरं, पोरगा बोलत होता. आजीजवळ बाकावर बसवला आणि डॉक्टर येतील म्हणाले. तेवढ्यात जत्रेची जीप उलटून अकरा जण आले. आजी एकदा टेबलाजवळ आली. ‘बघतो हो’ म्हणाले. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले, ‘आजी, जागेवर बसा.’ ती तिसऱ्यांदा आलीच नाही. चाळीस मिनिटांनी वॉर्डबॉय मामा येऊन म्हणाले, ‘सिस्टर, ते पोरगं लई गप झालंय.’ जाऊन हात धरला तर बर्फासारखा गार, नाडी दीडशेच्या वर, ओठ पांढरे. पानथरी (प्लीहा) फाटून पोटात रक्त साचलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं आणि पोर वाचलं.

सकाळी आजीनं मला सांगितलं, ‘दुसऱ्यांदा आले तवा म्हणणार होते, त्याचा डावा खांदा दुखतोय.’ खांद्याला मार नाही आणि डावा खांदा दुखतो, म्हणजे पोटातलं रक्त वर श्वासपटलाला जाऊन लागतंय. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. ते आजीच्या ओठांवर आलं होतं आणि मी तिला परत पाठवलं. लहान मुलांचं बीपी तर फार उशिरा पडतं, बरंच रक्त गेलं तरी ते टिकून राहतं. पहिल्या तपासणीत बीपी बरं होतं, याला काही अर्थ नव्हता.

त्या रात्रीनंतर मी दर पंधरा मिनिटांनी बाकावरून एक फेरी मारायची, प्रत्येकाच्या मनगटाला हात लावत. गर्दीत कधी वीस मिनिटं झाली, कधी तीस, पण सोडली नाही. बाकावर बसवलं म्हणजे पेशंट तपासून झाला असं नाही. तो आता तेवढा गंभीर नाही, एवढंच. अर्ध्या तासाने तो कुठल्या रंगाचा असेल हे पुन्हा पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. मनुष्यबळ कमी, खाटा कमी, हे सगळं खरं आहे, मी त्यातच नोकरी केली. तरीही ही फेरी झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि तुम्ही जवळ बसलेले असता म्हणून तुमच्याकडेही एक मागणं. ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न आम्ही रात्रीत शंभरदा ऐकतो, तो कानावरून जातो. त्याऐवजी बदल सांगा. ‘मघाशी बोलत होती, आता उत्तर देत नाही.’ ‘आता घाम सुटलाय.’ ‘उलटीत रक्त आलं.’ ‘बोटं निळी पडली.’ असं वाक्य ऐकून जागची न उठणारी सिस्टर मी पाहिली नाही. एकदा ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आमच्या ओरडण्याला भिऊ नका.

तुमच्या आईच्या बाबतीत एक तक्रार मात्र रास्त आहे. थांबावं लागणं समजू शकतं, पण दुखणं तसंच सोसत थांबावं लागू नये. बाकावर बसवतानाच फळी किंवा जाड पुठ्ठा लावून हात झोळीत अडकवायला हवा होता. दुखण्यावरचं औषध लिहून द्यायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम आहे. हे कुणी केलं नाही तर स्पष्ट मागा : ‘हाताला आधार द्या आणि दुखायचं औषध द्या, मग आम्ही थांबतो.’

बांगड्या आणि अंगठ्या मात्र घरीच, पडल्या पडल्या काढायच्या. त्यावर मी इतका वेळ घालवला आहे की सांगायची सोय नाही. मनगट मोडलं की तासाभरात हात सुजतो, पाटल्या रुतून बसतात, अंगठीखालचं बोट काळंनिळं होतं. साबण लावून निघत नाहीत, मग कटर आणावा लागतो. हातातलं उतरवायला आपल्याकडच्या बायका फार कचरतात. मी तोडलेल्या पाटल्यांकडे बघून रडलेल्या आजी मला आठवतात, त्या हाताच्या दुखण्याने तेवढ्या रडल्या नव्हत्या. सूज यायच्या आधी काढल्या तर शाबूत राहतात. हात छातीच्या वर धरायचा, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, अधूनमधून बोटांचा रंग आणि ऊब बघायची. आणि ‘दमलीस गं’ म्हणून चहा-बिस्किट द्यायचं नाही. हाड बसवताना भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

प्रश्न : फवारणी करताना भावाला गरगरलं, तोंडाला फेस आला. दवाखान्यात नेलं तर इंजेक्शनसोबतच त्याचे कपडे काढून साबणाने अंग धुवायला घेतलं. जीव जात असताना आंघोळ कशाला, म्हणून आम्ही भांडलो. आमचं चुकलं का? – एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, त्या कपड्यांतूनच विष अंगात जात होतं. बरीच कीटकनाशकं कातडीतून शिरतात. शर्ट ओला, घामाने भिजलेला, तो अंगावर राहिला तर एकीकडून औषध द्यायचं आणि दुसरीकडून विष चालूच. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीने किती घरं उघडी पडली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून श्वास सांभाळत सांभाळतच कपडे उतरवायचे आणि साबण-पाण्याने धुवायचं. केस, कानामागे, नखांत, काखेत, सगळीकडे. धुणाऱ्याने हातमोजे घालायचे, नाहीतर त्यालाही त्रास होतो.

ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषात लाळ, घाम, उलटी, जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि छाती पाण्याने भरल्यासारखी वाजते. ॲट्रोपिनचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं ते ती छाती कोरडी होईपर्यंत. ‘इतकी इंजेक्शनं का?’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर त्याचं कारण हे.

पुढे कुणावर वेळ आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी श्वासनळीत गेली तर विषाइतकीच घातक ठरते. कपडे शेतातच उतरवा, दिसेल त्या पाण्याने धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाची बाटली बरोबर घ्या, रिकामी असली तरी. लेबल फाटलं असलं तरी. गावाकडे सगळ्यालाच ‘औषध’ म्हणतात, आणि त्यात दहा तऱ्हा असतात. बाटली हातात आली की आमचा निम्मा वेळ वाचतो.

प्रश्न : रस्त्यात अपघात पाहिला तर जखमीला रुग्णालयात नेलं की पोलिसांच्या भानगडीत अडकतो, अशी भीती वाटते. खरंच तसं आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आता तसं नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार मागाहून. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. पोलिसांना कळवणं, एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) करणं हे रुग्णालयाचं काम. तुम्ही जखमीला सोडून जाऊ शकता, नाव सांगायची सक्ती नाही.

उचलताना मात्र घाई नको. मान वळू देऊ नका, डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून उचला. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि ‘थांबलं का’ म्हणून सारखं उचलून बघू नका.

आणि निघण्याआधी दोन मिनिटं सिस्टरपाशी थांबा. अपघात किती वाजता झाला, जखमी कसा पडलेला होता, हेल्मेट होतं का, वाटेत काही बोलला का, बोलणं कधी थांबलं. तो स्वतः सांगू शकत नाही आणि त्याचे घरचे अजून पोचलेले नसतात. त्या घडीला हे फक्त तुम्हाला माहीत असतं.