गोळी चालू आहे, मग जेल कशाला?

प्रश्न : वय 24. गालांवर आणि हनुवटीवर मोठे दुखरे पिंपल्स येतात. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी आणि रात्री लावायला अ‍ॅडापलीन-बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलंय. पाच आठवडे झाले, फरक थोडाच आणि जेलने तोंड सोलवटतंय. जेल बंद करून नुसती गोळी घेऊ का? मैत्रिणीकडे आयसोट्रेटिनॉइनच्या (हट्टी पिंपल्सवरच्या जोरदार) गोळ्या उरल्यात, त्या पण सोबत घेतल्या तर लवकर होईल का? आणि गालावर खड्डे पडलेत त्यासाठी आत्ताच मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचून घेणं) करू का?

उत्तर : आधी मैत्रिणीच्या गोळ्या परत करून टाका. डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र घ्यायच्याच नसतात, दोन्हींमुळे डोक्यातला दाब वाढू शकतो, मग भयंकर डोकेदुखी, धूसर दिसणं असले प्रकार. शिवाय आयसोट्रेटिनॉइन चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ती प्रेग्नन्सी टेस्ट, लिव्हर आणि रक्तातली चरबी तपासून देतात आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भनिरोधक वापरावं लागतं. आयसोट्रेटिनॉइन उत्तमच आहे हो, पण अशी उरलीसुरली घ्यायची नाही. (तुमची आत्ताची गोळी आणि जेलही गरोदरपणात चालत नाहीत, तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.)

आता जेल. डॉक्सिसायक्लिन जंतू आणि सूज कमी करते, पण त्वचेची छिद्रं बुजायची थांबवत नाही, ते काम अ‍ॅडापलीनचं. आणि नुसती अँटिबायोटिक घेत राहिलं की जंतू तिला दाद देईनासे होतात, बेंझॉइल पेरॉक्साइडला मात्र ते सरावत नाहीत म्हणून ते सोबत असतं. गोळी साधारण तीन महिन्यांत थांबवतात, जेल पुढेही चालू ठेवायचं असतं, नाहीतर पिंपल्स परत हजर! म्हणजे तुम्ही नेमकं उलटं करायला निघालात. सोलवटत असेल तर एक रात्र आड लावा, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं जेल सगळ्या तोंडाला, नुसतं पिंपलवर टिपके देऊन उपयोग नाही, सवय झाली की रोज. त्यात मनाने क्लिंडामायसिनचं जेल घालू नका, पोटात एक अँटिबायोटिक आणि तोंडावर दुसरी यात फायदा काही नाही. गोळी भरपूर पाण्याबरोबर बसून घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर जाम जळजळतं. सनस्क्रीन हवंच. आणि उशीला पांढरा अभ्रा घाला, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडतो.

पाच आठवडे फार कमी आहेत, खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी दिसतो.

खड्ड्यांचं म्हणाल तर आधी बोट फिरवून बघा. सपाट लाल किंवा तपकिरी खुणा असतील तर ते खड्डे नाहीत, डाग आहेत, ते काही महिन्यांत फिके होतात, तपकिरी डागांना अझेलेइक अ‍ॅसिडची मदत होते. खरोखर खोलगट असेल तर क्रीमने फार थोडं भरतं, अ‍ॅडापलीनने जरासा फरक पडतो इतकंच. सुईने टोचल्यासारख्या अरुंद खोल खड्ड्यात कडक ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा थेंब सोडतात, लाटांसारख्या उथळ खड्ड्यांना सबसिजन म्हणजे खालून धरून ठेवणारे धागे तोडतात, रुंद खड्ड्यांना लेझर किंवा मायक्रोनीडलिंग. बहुतेकींना हे मिसळूनच करावं लागतं. पण चालू पिंपल्सवर सुया फिरवल्या तर जंतू पसरतात आणि नवे डाग पडतात, म्हणून आत्ता नको, आणि घरी तो सुयांचा रोलर तर अजिबात नको. नवे पिंपल्स थांबले की मग.

बारा आठवडे नीट करूनही मोठ्या गाठी येतच राहिल्या तर थांबून राहू नका, आयसोट्रेटिनॉइनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, कारण उशीर झाला की खड्डे वाढतात. तेव्हा डॉक्सिसायक्लिन बंद होईल आणि त्वचा फार कोरडी पडते म्हणून बहुतेक हे जेलसुद्धा.